आत्याचा आवाज

१२ जाने., चांदीप
धुकं मिळालं! सकाळी शेतावर चार हातांपलीकडचं दिसेना. माझ्या पिक्चरमध्ये हे धुकं आभाळातून उतरतं, माणसं गिळतं आणि परत विरत नाही. आज शेवटचा प्रसंग घेतला. आई बांधावर उभी राहून धुक्यात गेलेल्या लेकीला हाक मारते. आईचं काम माझ्या सुमनआत्याचं. जन्मात पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे. लिहून दिलेलं वाक्य विसरली, स्वतःचंच बोलली, "बाय, ये गो. पानी काढून ठेवलंय." अंगावर काटा. जॉयल (आमचा साउंडवाला) नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी कट म्हणायचंच विसरले.

२० फेब्रु.
शेखरला, म्हणजे निर्मात्याला, पहिलं एडिट दाखवलं. "भूत कुठाय? निदान एक हात तरी येऊ दे धुक्यातून." नाही येणार. "आणि त्या बाईंचं ते पानी... लोक हसतील गं." म्हटलं, हसू देत. त्यानंतर कोण हसतं ते बघू. भांडण. न जेवता घरी.

६ मार्च
मला न विचारता शेखरने आत्याचा आवाज बदलला! मुंबईची कुणी नटी. गळा सुरेख, 'पाणी' अगदी शुद्ध. प्रसंग मेला. खताची जाहिरात वाटते.
आत्याला कळू द्यायचं नव्हतं, पण ती मागेच येऊन उभी. मोबाइल घेऊन शेवटपर्यंत बघितलं.
"तोंड माजं. बोलते कोन?"
मी मोबाइल परत घ्यायला हात पुढे केला.
"मी काय मुकी हाय?"
भाकऱ्या टाकायला आत गेली. तवा असा आपटला की...

७ मार्च
शेखरला फोन. आत्याचा आवाज नसेल तर माझंही नाव नको. तो म्हणे, "पहिलीच फिल्म तुझी. एवढा माज बरा नाही." आहे माज. ठेवला फोन. मग दोनदा त्याचा नंबर काढला, लावला नाही. हे फक्त इथेच.

१५ मार्च
आवाजाच्या मिक्सिंगला आत्याला घेऊनच गेले. ठेवणीतली साडी, गजरा. शेखर चपापला. ती सरळ त्याच्या शेजारच्या खुर्चीत. जॉयलने प्रसंग आधी नटीच्या आवाजात लावला, मग आत्याच्या. दुसऱ्या वेळी कुणी हललं नाही.
शेखर म्हणाला, "हे विकायचं कसं, काकी?"
"ते ऱ्हाऊ दे. भीती वाटली का नाय, ते सांग."
"...वाटली."
"मंग?"
सोमवारी सांगतो म्हणून उठला.

१९ मार्च
सोमवार गेला. फोन नाही. मीही केला नाही. सकाळी जॉयलला म्हटलं, आत्याच्याच आवाजावर पुढचं काम सुरू कर. शेखरला थांबवायचं असेल तर येऊन थांबवू दे.