सहभागी क्रमांक चार

पिंप्राळा, जळगाव
गुरुवार

प्रिय ललित,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते फोडलंच नसतंस, म्हणून पत्ता समोरच्या ज्योतीवहिनींकडून लिहून घेतला. बघ, माफी मागायला बसले तरी सुरुवात लबाडीनेच. पण दुसरा मार्ग तू ठेवला नाहीस. फोन उचलत नाहीस आणि मेसेज केला की अंगठा पाठवतोस. आई बरी आहे. गुडघे दुखतात तरी गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या घालून झाल्या. त्यातला एक डबा तिने तुझ्या नावाने बाजूला ठेवलाय आणि मला त्याला हात लावू देत नाही. तुला सुपरवायझर करत होते आणि तू नको म्हणालास, हेही तिला कुणाकडून तरी कळलंय. रोज सकाळी पंधरा माणसांना कामं समजावून सांगावी लागतात, म्हणून नको म्हणालास ना? तिने मला एवढंच विचारलं, "त्या खेळमा ते भारी बोले तो, मंग आते काय व्हयनं?" मी विषय बदलला. उत्तर मला ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी मी पीएच.डी.साठी हा विषय घेतला तेव्हा कॉलेजातली स्टाफरूम हसली होती. मोठी माणसं टेबलाभोवती बसतात, गोष्टीतली पात्रं होऊन बोलतात, फासे टाकून पुढचं ठरवतात, आणि त्याने मनातली भीती कमी होते का, हे तपासायचं. मॅडम, भातुकलीवर डॉक्टरेट का, असं तोंडावर विचारायचे. मला सहा माणसं हवी होती. तीन मिळाली, चौथा तू. नरडाण्याच्या कंपनीत आठवडाभर स्टोअर सांभाळून रविवारी धुळ्याहून पहिली बस पकडायचास, बहिणीवर उपकार म्हणून. पिठाच्या गिरणीवरची ती खोली, मी सूत्रधार आणि तू सातपुड्याच्या घाटातल्या चौकीचा नाकेदार. पहिले दोन रविवार नुसती मान हलवून खेळलास. तिसऱ्या रविवारी चौकीवर दरोडेखोर आले आणि तू उभा राहून त्यांना बोलण्यात गुंतवलंस, चांगली वीस मिनिटं. फासाही तुझ्या बाजूने पडला. आपल्या गटातल्या नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी तुला एकतीस वर्षं ओळखणारी, तुझी सख्खी बहीण, पण वहीत लिहिलं काय, तर सहभागी क्रमांक चारची वाचा मोकळी झाली. चौदा महिन्यांनी प्रश्नावलीतला तुझा चिंतेचा आकडा एकसष्टवरून चौतीसवर आला. त्या दिवशी सगळे शेवभाजी खायला गेलो होतो आणि तिखट लागून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं तरी तू नाकेदाराच्याच आवाजात वेटरला हुकूम सोडत होतास. मला वाटलं, जिंकलो आपण.

मग पुनमचं स्थळ आलं. तू एकच अट घातलीस, मी अडखळतो हे त्यांना आधी सांग, मगच मी येतो. मी म्हणाले, सांगितलंय. ललित, मी सांगितलं नव्हतं. ते तुला पुढे कळलंच, पण माझ्या तोंडून कधी कळलं नाही, म्हणून आज लिहून देते. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलाला काय विचारतात ते मला पाठ होतं. पगार, ड्यूटीची वेळ, धुळ्यातली खोली भाड्याची की स्वतःची, शेतीत लक्ष घालता का. मी बारा उत्तरं लिहून काढली, नाकेदाराच्या थाटात, आणि आठ दिवस तुझ्याकडून घोकून घेतली. ललित म्हणून जाऊच नकोस, नाकेदार म्हणून जा, असं वर सांगितलं. शिंदखेड्याला त्यांच्या बैठकीत तू एकदाही न अडता बोललास. पुनमचे वडील मांडीवर थाप मारून म्हणाले, "पोऱ्या भारी बोलस!" आणि साखरपुड्याची तारीख तिथेच ठरली. परतताना तू खिडकीला डोकं टेकून बसला होतास. दमलास का, एवढंही मी विचारलं नाही. मी वही काढून लिहीत होते की खेळातली भूमिका प्रत्यक्ष जीवनात उपयोगी पडते, हे सिद्ध झालं. खरं सांगू? तुझ्या लग्नाची जितकी घाई मला होती, तितकीच त्या एका वाक्याची होती. माझं अख्खं शेवटचं प्रकरण त्या वाक्यावर उभं राहिलं.

साखरपुड्यानंतर तू तिला पहिला फोन केलास. पाठ केलेलं काही नव्हतं, आणि तिला सगळं ठाऊक आहे या भरवशावर तू तुझ्या पद्धतीने बोलायला लागलास. ती हसली. तू फोन ठेवलास आणि लग्नाला नकार कळवलास. चार दिवसांनी तिचे वडील आपल्या घरी आले. ओरडले नाहीत. दारातच उभं राहून त्यांनी आईला विचारलं, "आमनी पोरनं काय चुकनं?" तेव्हा मी पुढे येऊन म्हणायला हवं होतं की खोटं मी बोलले, याला काही माहीत नव्हतं. मी चहा टाकते म्हणून आत गेले आणि ते जाईपर्यंत बाहेर आले नाही. तू त्यांना काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होतास. त्यांना थांबायला वेळ नव्हता. मी आतून सगळं ऐकत होते. मला त्या दिवसाची जितकी लाज वाटते, तितकी कशाचीच वाटत नाही.

आणखी एक गोष्ट मी चार महिने दाबून ठेवली आहे. पुनम मला सराफ बाजारात भेटली होती. लग्नाच्या खरेदीला आली होती. आता लग्न झालंही, नंदुरबारला दिली. मला बघून तोंड फिरवेल असं वाटलं, पण तिनेच हाक मारली. म्हणाली, मी फोनवर हसले ते त्यांना सांगाल का, मला वाटलं गंमत करताहेत, घरी आले तेव्हा इतकं छान बोलले होते ना. मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसले नसते. हा निरोप त्याच दिवशी तुला पोचायला हवा होता. नाही पोचवला, कारण तो पोचवला असता तर दोष कुणाचा हे अगदी स्वच्छ झालं असतं.

आता खरं ते. गेल्या महिन्यात माझ्या मार्गदर्शक सरांनी प्रबंध वाचून विचारलं, क्रमांक चार किती वेळा अडखळला याची मोजणी कुठे आहे? माझ्याकडे मोजणी नव्हती. आपल्या खेळाच्या रेकॉर्डिंगवरून टायपिस्ट सुनिताने टाइप केलेलं सगळं संभाषण होतं, आणि त्या बिचारीने तुझं अडखळणं गाळून वाक्यं नीटनेटकी केली होती. मी त्या कागदांवर विसंबले होते. मग मूळ रेकॉर्डिंग ऐकायला बसले. ललित, तू शेवटच्या रविवारीही एका तासात बावीस वेळा अडलास. दरोडेखोरांशी बोलतानाही अडला होतास. खोलीत असून मला ते ऐकू आलं नव्हतं, कारण कुणाचं काही अडलंच नव्हतं. आवाज एकमेकांत मिसळले की टाइप करता येत नाही, म्हणून मीच नियम केला होता, एकाचं बोलणं पुरं होईपर्यंत दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. सगळे नुसते थांबत होते. नाकेदाराने तुझी जीभ सोडवली नाही रे. आयुष्यात पहिल्यांदा तुला कुणी वाक्य पुरं करू दिलं, एवढंच झालं. घरात कोण करू द्यायचं? शाळेत, दुकानात, पाहुण्यांसमोर तू तोंड उघडलंस की पुढचं मीच बोलायची, आणि लोक म्हणायचे, बहीण किती मायेची! पुनमच्या घरीसुद्धा त्या दिवशी मीच बोलले, तुझ्या तोंडाने.

ते प्रकरण मी काढून टाकलंय. पदवी एक वर्ष लांबली, लांबू दे. सोबत एक फॉर्म आहे, सहभागीला कधीही माघार घेता येते त्याचा. सही केलीस तर तुझा एक शब्दही कुठे छापला जाणार नाही. पण तेवढ्यासाठी हे पत्र नाही, फॉर्म पोस्टाने नुसताही आला असता. फोनवर तू उचललास तरी दोन सेकंदं गप्प झालास की मी बोलायला लागेन, ही खोड माझी मलाच माहीत आहे, म्हणून सगळं आधीच लिहून मोकळी झाले. आता माझ्याकडे बोलायला काही उरलेलं नाही. येत्या रविवारी मी धुळ्याला येते. तुझ्या खोलीत गप्प बसेन. माझ्याबद्दल मनात असेल ते सगळं बोल, लागेल तितका वेळ घे. आणि 'ताई, चालती हो' एवढंच म्हणायचं असेल तर तेही म्हण. 'ताई'तल्या 'त'वर तू लहानपणापासून अडतोस. कितीही वेळ अडलास तरी ते वाक्य मी तुझ्याऐवजी पुरं करणार नाही. पूर्ण ऐकेन आणि मगच उठेन.

तुझीच,
मोनाताई