मराठीत ठेवलेला पासवर्ड

मंगळवार, संध्याकाळ

छोट्या लॅपटॉपवर लिनक्सची नवी आवृत्ती मीच टाकली. ऐटीत पासवर्डही मराठीत ठेवला. बंद करून पुन्हा सुरू केला, तर पासवर्डच्या चौकटीशेजारी कीबोर्डची भाषा नुसती 'इंग्रजी'. काही केल्या बदलेना.

लेकीला फोन केला. केतकी म्हणाली, "धन्य आहेस, आई. उद्या येऊन उघडून देते. पासवर्ड काय आहे?"

इथेच अडकले. पुढच्या महिन्यात मी नारायण पेठ सोडून तिच्याकडे हिंजवडीला राहायला जायचं, हे तिनं परस्पर ठरवलंय. मी तोंडावर 'नाही' का म्हटलं नाही? एरवी कुणाला घाबरते?

पुन्हा बघितलं. 'इंग्रजी'च.

शेवटी सांगितला: "मी येणार नाही."

तिनं एकेक शब्द परत म्हटला. मग विचारलं, "मध्ये स्पेस आहे का?"