जरा जागा द्या

पप्पा, रविवारी चर्चच्या उपासनेत वचन वाचताना ‘क्लेश’ हा शब्द आला आणि मला आपली पाथर्डीची एसटी आठवली. मी तेव्हा फ्रॉक घालायच्या वयाची. ऊसतोडीला गेलेला आपल्या मंडळीतला एक माणूस तिकडंच वारला होता आणि तुम्ही पाळक म्हणून त्याच्या बायकोला भेटायला निघालात, मलाही घेऊन. एवढ्याशा खोलीत बायका इतक्या दाटल्या होत्या, की ती बाई दिसतच नव्हती. तुम्ही ना प्रार्थना केलीत, ना बायबल उघडलंत. “बायांनो, जरा बाहीर बसा. तिला जागा द्या,” म्हणालात, आणि स्वतःही बाहेर येऊन दार ओढून घेतलंत. बायका कुरकुरल्या. मला तर तुमची लाजच वाटली. पाळकानं इतक्या लांब येऊन नुसतं दार लावायचं?

परतताना एसटीत तुम्ही सांगितलंत, आपण क्लेश म्हणतो त्याला मूळ ग्रीकमध्ये थ्लिप्सिस आहे. चहूबाजूंनी दाबलं जाणं, हलायलाही जागा न उरणं. मी विचारलं, “मग आपण जाऊन करायचं काय?” “दाबणाऱ्यांत आपली भर घालायची न्हाई. एवढं जमलं तरी लई झालं,” म्हणालात आणि फुटाण्यांची पुडी माझ्यापुढं केलीत.

आता तुमच्या माघारी आई अंथरुणावर आहे. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलंय. केडगावच्या घरात दिवसभर माणसं असतात, सगळी मायेची. गाणी म्हणतात, प्रार्थना करतात, तिच्या कपाळावर हात ठेवतात. आई भिंतीकडं तोंड करून पडून राहते. काल मी धीर केला आणि सगळ्यांना अंगणात बसायला सांगितलं. आत्या दुखावली. “आमी काय परकी हाय व्हय?” तिला खुर्ची दिली, चहा दिला, तरी ती धुसफुसतच होती.

खोली रिकामी झाल्यावर मी आईच्या उशाशी बसले. वाटलं, आता आम्ही दोघीच. तिनं डोळे न उघडता विचारलं, “गेले का समदे?”

“हो.”

“मग तूबी जा जरा.”

फार लागलं ते मला, पप्पा. तरी उठले. हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून सांगते. तुमच्यासारखं दार ओढून घेणं मला जमलं नाही. बोटभर उघडं ठेवलं आणि त्या फटीशी बसून आईचा श्वास ऐकत राहिले.