नातवाचा दोर मीच कापणार

३ एप्रिल, तराझ
इस्तंबूलहून लेकीचा, झनारचा फोन. नातू उभा राहायला लागला. वीस तारखेला आम्हा कझाकांच्या रीतीप्रमाणे त्याच्या पायांत दोर बांधून कापायचा, मग तो चालणार. म्हणाली, पापा, तुम्ही याच. याच म्हणजे कापणार मीच, हे उघड आहे. दोर कापणाऱ्याची चाल पोराला लागते, आणि सबंध तराझमध्ये माझ्यासारखी चाल कुणाची? उभा जन्म रेल्वेचा ट्रॅक तपासण्यात गेला. एका रुळावरून चालायचो, हातातला चहा सांडायचा नाही.

५ एप्रिल
डॉक्टरीणबाई म्हणतात, वॉकरशिवाय परदेश नाही. तोल जातो तो डोक्यातल्या बिघाडामुळे, पायांमुळे नाही. म्हणजे पाय ठणठणीत! हे मी त्यांच्याकडून वदवून घेतलं. वॉकर नेईन, कुलाशच्या पिशव्या ठेवायला. बायकोचं वय झालंय.

८ एप्रिल
संकल्प: रोज अंगणात वॉकरशिवाय सराव. आज कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत गेलो. तिथे खाली बसलो. मुद्दाम. अंडी बघायची होती. कुलाश म्हणाली, म्हाताऱ्या, बघितलीस की उबवलीस?

९ एप्रिल
सराव नाही. कंबर.

१७ एप्रिल, विमानात
विमानतळावरच्या पोरींनी चाकांच्या खुर्चीत बसवलं. वाद घातला असता तर विमान चुकलं असतं. वॉकर दारातच काढून घेतला. शौचालयापर्यंत सीटच्या पाठी धरत गेलो, एकदा एका बाईंचे केस हातात आले. विमान फार हलतं. कुलाश म्हणते, तेव्हा ते अजून उडालंच नव्हतं.

१८ एप्रिल, इस्तंबूल
हे गाव चुकीचं बांधलंय. एक रस्ता सपाट नाही. उतारावर वॉकर आपणहून पळत सुटला, मागोमाग मी. जावई येरझान मध्ये आला म्हणून दोघंही थांबलो.
अल्दियार गोड आहे. सोफा धरून उभा राहतो, डुलतो, बसतो. मीही शेजारी सोफा धरून उभा होतो. त्याला सोबत म्हणून.
विहीणबाई पण आल्यात. पिठाचं पोतं घेऊन जिना चढल्या. एवढं तरातरा चालायची काय गरज?

१९ एप्रिल
दुपारी खोलीत कुणी नव्हतं. रंगीत तालीम केली. हातात झनारची कात्री, वॉकरशिवाय, दारापासून खाटेपर्यंत. गालिचा सरकला. कपाळाला टेंगूळ, कात्री गादीत रुतलेली. गालिच्याचा दोष सगळ्यांना समजावून सांगितला. येरझानने कात्री उचलून नेली.
संध्याकाळी स्वयंपाकघरातून विहीणबाईंचा आवाज आला. सूनबाई, तुझ्या वडिलांचा मान मोठा, आशीर्वाद त्यांनीच द्यावा. पण दोर नको गं, पोराच्या जन्माचा प्रश्न आहे. झनार म्हणाली, माझे पापाच कापणार. पडत पडत चालला तर चालू दे. आजोबांवर गेला म्हणेन. मग रडायला लागली.
म्हणजे तिलाही भीती वाटते. आणि तरीही कात्री मलाच देणार आहे.
फार वाईट वाटलं. जेवलो नाही. कुलाशला सांगितलं, बाउरसाकचे तळलेले गोळे तेलकट झालेत.

२० एप्रिल
पाहुणे जमले. अल्दियारच्या पायांत काळा-पांढरा दोर बांधला. झनारने कात्री माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, अगं, चष्मा तराझलाच राहिला, मला दोर कुठला दिसायला? विहीणबाई, तुम्हीच कापा. तुमची चाल चांगली आहे.
त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग कापला. पोरगं त्यांचं बोट धरून चालायला लागलं, बोट सोडलं, तरी चालत राहिलं. बायकांनी गोळ्या-चॉकलेटं उधळली. मी वॉकर धरून आशीर्वाद दिला. आवाज चांगला लागला.
मग झनार माझ्याजवळ आली. माझ्या नाकावरचा चष्मा काढला, बाहीने पुसला आणि परत घातला. काचा ओल्या होत्या.