आईने धरलेला कासरा

आबा, काल बैलांचा सण झाला, बेंदूर. सांगलीकडच्या माझ्या सासरच्या गावात आता बैल बोटावर मोजण्याइतके उरलेत, त्यामुळे वेशीत जी गर्दी झाली ती बरीचशी ट्रॅक्टरांचीच. आमचा ट्रॅक्टर माझ्या नातीने चालवत नेला. पुढे आंब्याच्या डहाळ्या, बॉनेटवर हुरमुंजाचे तांबडे ठसे, आरशांना गोंडे. पारावरचा एक म्हातारा मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "यंत्राला कसला बेंदूर? आन् त्यात चालवतीया पोरगी!" मी थांबले आणि विचारलं, "तुमच्यात पेरतंय कोन आता? बैल का यंत्र?" तो पानाला चुना लावत बसला. तुम्ही असता तर त्याच्याच बाजूने बोलला असता, हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसले. सत्तरीला आले, आता कुणाची भीडभाड ठेवत नाही. तुमचीही नाही.

सण पहिल्यासारखे राहिले नाहीत, असं जो तो म्हणतो. नाहीच राहिले. पण पहिला सण मीही पाहिलाय, आणि तो मला तुमच्याइतकाच प्यारा होता. आदल्या संध्याकाळी खांदमळणी. मी हळद-लोण्याची वाटी धरून गोठ्यात उभी आहे आणि तुम्ही थोरल्या बैलाच्या खांद्यावर, जिथे जू घासून कातडं राठ झालेलं असायचं तिथे, कोमट पाण्याचा हात फिरवताय. चुलीपाशी आई पुरण वाटतेय. शिंगांत अडकवायची कडबोळी तळून झालीत आणि त्यांना हात लावला तर पाठीत धपाटा ठरलेला. कराडच्या बाजारातून आणलेला बेगड तुम्ही कुणाला कापू देत नव्हता. दुसऱ्या दिवशी वेशीत आडवा दोर बांधायचे, गवताचा, डहाळ्या खोवलेला. तो कर. मानाच्या बैलाने पळत येऊन तो तोडायचा आणि मग बाकीच्या गावाची जनावरं आत यायची. मान आपल्या घराचा होता. तुम्ही कासरा धरून पुढे धावायचा, आई उंबऱ्यात आरतीचं ताट घेऊन वाट बघायची. बाईने वेशीत जायचं नसतं, एवढं मला न सांगताच कळलं होतं.

मग लढाई लागली आणि तुम्ही पलटणीत गेलात. पहिले काही महिने तुमची पत्रं आली, चावडीत कुणीतरी वाचून दाखवायचं. पुढे ती बंद झाली. शेजारच्या गावात एकाच्या घरी तार आली तेव्हापासून पोस्टमन आपल्या बोळात शिरला की आई हातातलं काम टाकून भिंतीला टेकायची. त्या साली मिरगात गडी मिळेना. गावची अर्धी तरणी माणसं तुमच्यासारखीच गेलेली. आईने पदर खोचला आणि कुळवावर उभी राहिली. पाभरही तिनेच धरली, मी चाड्यातून बी सोडत मागे चालले. बांधावरून जाणाऱ्या भाऊबंदांनी बघितलं, कुणी एक शब्द बोललं नाही. काम होतं ना ते. कामाला बाई चालते.

बेंदराच्या सकाळी तुमचे चुलतभाऊ दारात आले. मी बैलाच्या पाठीवर झूल टाकत होते. म्हणाले, "वैनी, औंदा मान आमाला सोडा. दादाचा कवाधरनं कागूद न्हाई. घरात कर्ता गडी न्हाई, मग कर तोडायचा कुनी?" बोलणं गोड होतं, पण त्यांचा बैल आधीच सजून बोळाच्या तोंडाशी उभा होता. आईने हात धुतले, आरतीचं ताट माझ्या आत्याच्या हातात दिलं आणि दावणीचा थोरला सोडला. धाकट्याचा कासरा माझ्या हातात दिला.

वेशीत सगळे पुरुष. आम्हाला बघून वाजंत्री थांबली. चुलते आडवे आले. "बाईमानसानं हितं कासरा धरायचा नसतो, वैनी. रीत हाय."

"मिरगात कुळव धरला तवा कुटं गेली हुती रीत? तवा न्हवते का मी बाईमानूस?"

"त्ये येगळं."

"येगळं न्हाई. आवं भाऊजी, मान सोडायला मालक मेलं हायती व्हय? जित्तं हायती. आज मान सोडला तर माझ्या हातानं मी कुकू पुसलं म्हना. न्हाई सोडत, जावा."

असं म्हणून ती धावली. आबा, माझी आई, जी तुमच्यासमोर कधी मोठ्याने हसली नाही, ती वेशीतून कासोटा घालून धावली, आणि थोरल्याने कर असा तोडला की डहाळ्या माझ्या डोक्यावर पडल्या. इतका आनंद मला नंतर कुठल्याच सणाला झाला नाही.

तुम्ही परत आलात. पत्र्याची ट्रंक, खाकी घोंगडं, आणि सही करण्यापुरतं नव्हे, चांगलं वाचता-लिहिता येण्याइतकं अक्षर घेऊन आलात. पुढच्या बेंदराच्या आदल्या दिवशी चावडीत तुम्हाला गोष्ट सांगितली गेली. अर्धीच, आई काय बोलली ते गाळून. तुम्ही घरात शिरलात ते ओरडतच. "मी जित्ता असताना बिननवऱ्याच्या बाईवानी वेशीत हुबी ऱ्हायलीस? चावडीत मान वर करता येईना मला." आई पुरण वाटत होती, वाटतच राहिली. मी तोंड उघडलं, "आबा, पर आई म्हनली की..." तुम्ही म्हणालात, "तू गप गं." दुसऱ्या दिवशी तुम्ही बैल सोडलेच नाहीत. मान आपण होऊन भावाला दिलात. जो मान आईने तुम्ही जिवंत आहात हे सांगायला राखला, तो तुम्ही जिवंतपणी सोडलात. सण बिघडला म्हणतात ना, तो ट्रॅक्टरने बिघडवलेला नाही. तो त्या दिवशी आपल्या गोठ्यात बिघडला.

आणि पुढच्या साली? पुढच्या साली तुम्ही ट्रंकेतून बुटाचं पॉलिश काढलंत आणि बैलांचे खूर काळेभोर चकचकीत केलेत. कुठल्या वाडवडिलांची रीत होती ही? गाव बघत राहिलं, वाहवा झाली, आणि त्यानंतर पॉलिशची डबी मागायला घरोघरची माणसं आपल्या दारात यायची. तुम्ही आणलं ते नवल, आईने केलं ते नाक कापणं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

आई पुन्हा वेशीकडे फिरकली नाही. ओवाळायची आणि आत जायची. तुम्ही गेल्यानंतर एकदा मी तिला विचारलं, "तवाच आबांना का न्हाई सांगितलंस, कशापायी गेलीस त्ये?" तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "इचारलं असतं तर सांगितलं असतं."

म्हणून मी सांगितलं, तुम्ही न विचारता. पुढच्या साली नातीचा ट्रॅक्टर सगळ्यांच्या पुढे असेल, आणि कुणी आडवं आलं तर त्याची माझ्याशी गाठ आहे. तुम्ही जे सण म्हणून जपलंत त्यातलं पुरण मी ठेवलं, हुरमुंज ठेवला, खांदमळणी आता कुणाची करायची तर नातीच्याच खांद्याला तेल लावते. बाकीचं टाकून दिलं. त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, मला कळतं. नात विचारेल, पणजीला का नाही लिहिलंस? मी म्हणेन, तिला अक्षर येत नव्हतं, आबांना येत होतं. पण खरं कारण ते नाही. इतकं तावातावाने लिहूनही, तुम्ही एकदा म्हणावं, "बरं केलं तुझ्या आईनं," असं मला अजून वाटतं. तिला त्याची गरज नव्हती. मला आहे.