आठची घंटा

सोमवार, २ मे

बँडची यादी लावली. लोसालिनेचं नाव खोडलं!

एका सत्रात तीनदा उशीर झाला की शाळेच्या वर्धापनदिनाच्या बँडमधून बाहेर — नियम माझाच, फेब्रुवारीत मीच फळ्यावर लिहिलेला. आमच्याकडे तिच्यासारखा ढोल कोणी वाजवत नाही. आता अख्खं गाव संचलन बघणार आणि ही कुंपणाबाहेर.

तिचा बाप समोरच्या बेटावरून तिला होडीने सोडतो. आज मान खाली घालून दारात उभा राहिला. "हेडमास्तर, नियम तो नियम," एवढंच बोलला आणि रताळ्यांची टोपली ठेवून गेला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

बुधवार, ४ मे

मालिया बाई आज सगळ्या शिक्षकांसमोर बोलल्या. "तुमच्या भाचीला एकदाही उशीर नाही, सर! कसा होईल? ती फाटकातून आत आली की तुम्ही घंटा ठोकता."

सगळे हसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड! नवी बाई, परवा आलेली, आणि मला शिकवते?

गुरुवार, ५ मे

तरी आज स्वतःवरच नजर ठेवली. आठ वाजले. आंब्याला घंटा म्हणून टांगलेल्या रिकाम्या सिलिंडरपाशी हातोडी घेऊन उभा राहिलो. हात वर गेला — खाली येईना. आठ वाजून सहा मिनिटांनी माझी भाची तोकिलुपे फाटकातून आत आली, आणि हात आपोआप पडला.

म्हणजे खरंच! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं — आणि हे मला कळतही नव्हतं. बहिणीची मुलगी म्हणजे आम्हा टोंगन लोकांत मामाच्या डोक्यावरची, मानाने त्याच्याहून मोठी. तिच्या तोंडावर फाटक कसं लावायचं? हे कोणी शिकवावं लागत नाही, हात लहानपणीच शिकतो. पण शाळा काय माझं घर आहे? लाज वाटली. जेवण गेलं नाही.

शुक्रवार, ६ मे

घंटा म्हाताऱ्या विलिसोनी शिपायाकडे दिली. भिंतीवरचं घड्याळ बघायचं, माझं तोंड नाही.

बरोबर आठला ठोकली. तोकिलुपेला उशीर! आली तीही लोसालिनेच्या गळ्यात हात टाकून, हसत.

रविवार, ८ मे

चर्च. नारळाच्या दुधातलं जेवण. दुपारची झोप नाही. नुसता कूस बदलत पडलो.

मंगळवार, १० मे

तोकिलुपेला काल उशीर. आज उशीर. तीन झाले.

खोलीत बोलावलं. "का गं?" पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभी. माझ्या अंगणातलं डुक्कर मागितलं असतं, तर बांधून पोचतं करावं लागलं असतं मला. तिने माफीसुद्धा मागितली नाही.

नाव खोडलं.

बुधवार, ११ मे

ताई आली. चप्पलसुद्धा काढली नाही.

"सिकुली, तू मेलास की तुझ्या उशाशी कोण बसेल?"

"तोकिलुपे."

"मयताला आहेर म्हणून आलेल्या चटया कोणाच्या?"

"तिच्याच."

"आणि तिला तू कुंपणाबाहेर उभं करतोस? मोठा आलाय शहाणा! आई असती तर तुझे कान उपटले असते."

"ताई, नियम तो नियम."

ती थुंकली आणि निघून गेली. आता सणाला बोलावणार नाही. पण — इथे खोटं कशाला लिहू — छाती थोडी फुगली. मालिया बाईंनी व्हरांड्यातून सगळं ऐकलं असावं. दुपारी स्वतःहून चहा आणून दिला.

शुक्रवार, १३ मे

विलिसोनी पाला झाडत होता. झाडता झाडता म्हणाला, "तुमची भाची उशिरा येत नाही, सर. साडेसातलाच येते ती."

"मग असते कुठे?"

"कोपऱ्यावरच्या झाडाखाली. ओहोटी असली की त्या बेटावरच्या पोरीची होडी खडकावर अडते. होडी धक्क्याला लागली, पोरगी धावत आली, की ही उठते. तिला ठाऊक होतं ना, आपण आत गेल्याशिवाय घंटा होत नाही. तुम्ही तिच्यासाठी थांबायचात, ती त्या पोरीसाठी."

"आणि आता? आता तर घंटा तू वाजवतोस!"

"तरी थांबते. त्या पोरीला एकटीला आत यायला लावायचं नाही म्हणते."

"अरे, मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही घड्याळ बघायला सांगितलं होतंत."

शनिवार, १४ मे

सुट्टी असून शाळा उघडली, हजेरीपट काढला. लोसालिनेचे तीन उशीर — २२, २३, २४ मार्च. त्या तिन्ही दिवशी घंटा मी बरोबर आठला ठोकली असणार. वाट बघायला कोणी नव्हतंच. तोकिलुपेच्या नावापुढे तिन्ही दिवशी माझ्याच अक्षरात लिहिलंय — गैरहजर, ताप.