चिचुंद्रीच्या भाऊबंदांचा शजरा

चि. मुबशिरा हिला जळोचीहून फुप्पीची दुवा.

प्रकृतीला जप. तू स्पेनमध्ये थंडगार ओढ्यांत उतरून संशोधनासाठी डेसमन नावाच्या त्या पोहणाऱ्या प्राण्याची विष्ठा गोळा करतेस, असं तुझ्या अम्मीनं सांगितलं. निदान हातमोजे घालत जा. माझे गुडघे बरे आहेत. जिभेची चौकशी तू करणार नाहीस, पण तीही बरी आहे.

पत्र आभाराचं आहे, पण आधी माझा राग ऐक. मागे कळंबच्या लोकांनी तुझ्या बहिणीची, आपल्या सिमरनची, सोयरीक मोडली. का, तर आपले नईमचाचा उजनीच्या पाण्यावर मासे धरतात. (त्यांच्या घरी तेच मासे शिजतात. काट्यांची ताटली मी डोळ्यांनी पाहिली आहे.) मग इंदापूरचा आफताब सांगून आला. तुझ्या बहिणीला तो मनापासून आवडला आणि तिनं बजावलं, हे मोडलं तर पुन्हा चहाचा ट्रे हातात धरणार नाही. त्याचे वडील सिकंदरभाई, खताचं दुकान, चेहरा कायम उधारी नाकारल्यासारखा. परवा ते आफताबला घेऊन बैठकीला आले.

तू पाठवलेला तो प्राण्यांच्या नात्यागोत्याचा तक्ता मी दिवाणखान्यात लावला आहे. जमीन उकरणारे मोल नावाचे प्राणी, त्यांचे पोहणारे भाऊबंद डेसमन आणि तळाच्या फांदीवर आपली चिचुंद्री. फ्लेक्सवाल्याकडून चांगला मोठा छापून घेतला. (कोपऱ्यात कोणत्या साहेबांचा फोटो टाकू, असं त्यानं विचारलं. कोणाचाच नको म्हटल्यावर त्याला माझी दया आली.) आता आपल्याकडे सोयरिकीला आलेला माणूस आधी शजरा विचारतो, मग चहा घेतो. भिंतीवर फांद्याफांद्यांचं काही दिसलं की तो त्या घराचा शजराच, सगळी वंशवेल. त्यात मजकूर सगळा इंग्रजी-लॅटिन आणि सिकंदरभाईंचा चष्मा गाडीत राहिलेला.

त्यांनी तक्त्याकडे बोट करून विचारलं, हे समदं तुमचंच का? मला वाटलं, तुझ्या कामाबद्दल विचारताहेत. महिनाभर कोणी विचारावं म्हणून मी तडफडत होते, तेव्हा सुटलेच. म्हटलं, आमच्याच मुलीनं खपून तयार केलंय. त्यांनी विचारलं, यात पाण्यावरचे कुठले? मी फांदी दाखवली. म्हटलं, पाण्यात गेले म्हणून लोकांनी यांना पूर्वी वेगळं काढलं होतं, पण रक्त तपासल्यावर कळलं की ते याच घरचे. माती उकरणारे काही वरचे नव्हेत आणि पोहणारे काही खालचे नव्हेत. ज्याला जिथं पोट भरलं, तसे त्याचे हातपाय झाले.

सिकंदरभाई रुमाल काढून म्हणाले, "बाई, माझी आई मेहबूबबी बी उजनीकाठच्या मासेवाल्यांचीच हाय. सोयऱ्यांत मी कधी सांगितलं न्हाय. तुमी तर भिंतीवर लावलंय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी खोटं बोलले नाही, नुसती गप्प राहिले. (मी शिकले त्या कॉन्व्हेंटात याला शिस्त म्हणत.) सोयरीक ठरली. नईमचाचांना पहिल्या पंगतीचं आमंत्रण खुद्द सिकंदरभाई द्यायला गेले. पोरी, तुझ्या त्या घाणेरड्या ओढ्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

तुझी,
फुप्पी

ता. क. आफताब शेतकी पदवीधर आहे. त्यानं पहिल्याच नजरेत तक्त्यावरचं सगळं वाचलं होतं, पण बापाला बोलला नाही. असा जावई मिळाल्यावर मला तक्रारीला जागाच उरली नाही, याचाच थोडा त्रास होतो.

ता. क. २. खरं काम राहिलंच. सिकंदरभाईंना निकाहाच्या मंडपात दोन्ही घरांचा शजरा लावायचा आहे, 'तुमच्यासारखाच'. तू या विद्येतली, तेव्हा माणसांचा एक काढून पाठव. लॅटिन नको. आणि मेहबूबबींचं नाव इतकं मोठं लिही, की चष्मा गाडीत राहिला तरी त्यांच्या लेकाला वाचता यावं.